इमोजेन म्हणजे काय हो?

आपल्याकडे बाळाचं नुसतं नाव सांगून भागत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे काय?" माझ्या भाचीने इंग्लंडमध्ये मुलीचं नाव इमोजेन ठेवलंय (भाचेजावई तिकडचेच). एका मावशींना ते 'इमोजी' ऐकू आलं. एका काकांनी नेटवर शोधून जाहीर केलं, की अर्थ धड सापडत नाही, तेव्हा नाव बदला! ही पोस्ट त्या दोघांसाठी, आणि अर्थात तुमच्यासाठीही.

इमोजेन ही शेक्सपिअरच्या 'सिंबेलीन' नाटकातली राजकन्या. हे नाटक छापलं गेलं १६२३ मध्ये, शेक्सपिअर गेल्यावर सात वर्षांनी. पण सायमन फोरमन नावाच्या एका गृहस्थाने १६११ च्या सुमारास ते रंगमंचावर पाहून टिपण केलं होतं आणि त्यात राजकन्येचं नाव आहे 'इनोजेन'. शेक्सपिअर ज्या होलिनशेडच्या बखरीतून कथा उचलायचा, तिच्यातही ब्रिटनच्या दंतकथेतल्या ब्रूट राजाची बायको इनोजेनच आहे. म्हणून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, की हस्तलिखितातले दोन 'एन' कुणीतरी 'एम' असे वाचले. ऑक्सफर्डच्या १९८६ च्या आवृत्तीने तर सरळ 'इनोजेन' छापलं. उलट बाजूचेही आहेत. १६२३ च्या पुस्तकात सगळीकडे इमोजेनच आहे, मग ती चूक कशी, असं ते विचारतात.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. घनश्यामचा धनश्याम होतोच की आपल्याकडे!

इनोजेनचं मूळ बहुधा गेलिक भाषेतल्या 'मुलगी' या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे काकांना हवाच असेल, तर अर्थ 'कन्या'. पण माझं म्हणणं वेगळंच आहे. अर्थाचा इतका हट्ट कशाला? आपल्याकडे दगडू, धोंडू ही नावं काय अर्थ आवडला म्हणून ठेवली? आधीची मुलं गेलेली असायची. हे तरी जगावं म्हणून आई-बाप असं नाव ठेवायचे. त्या नावाचा खरा अर्थ कुठल्याही कोशात मिळणार नाही.

इमोजेनचंही तसंच. नाटकात तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आळ येतो, नवराच तिला मारायला सांगतो, ती पुरुषवेषात रानोमाळ फिरते. तेव्हा ती 'फिडेली' असं खोटं नाव घेते. त्याचा अर्थ अगदी स्वच्छ, 'एकनिष्ठ'! पण पुढच्या काळात लोकांनी मुलींना नाव दिलं ते इमोजेनच. छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅम (१८८३-१९७६), संगीतकार इमोजेन होल्स्ट (१९०७-१९८४)... या बायकांनी त्या नावात जे भरलं ते छापणाऱ्याच्या चुकीने कमी झालं का?

जाता जाता, हेच नाटक विष्णु मोरेश्वर महाजनींनी १८७९ मध्ये मराठीत आणलं, 'तारा' या नावाने. तेव्हा आपली या राजकन्येशी ओळख जुनीच आहे.

असो. तर काका, नाव बदलायला सांगू नका. त्यात अर्थ भरायला पोरीपुढे सगळं आयुष्य पडलंय. मावशी, तुम्ही मात्र इमोजी म्हणा खुशाल. घरातलं लाडाचं नाव शब्दकोशाला विचारून थोडंच ठेवतात!