परत करायची लाज कशाला?

मैत्रिणींनो, घरातली जुनी बिलं एकदा काढून बघा. बऱ्याच बिलांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ हमखास सापडेल : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ही ओळ आपण इतकी वर्षं वाचत आलोय, की तोच कायदा आहे असं वाटायला लागलंय. पण वस्तू सदोष असेल तर कायदा नेमका याच्या उलट आहे, आणि हे ठाऊक नसल्यानं किती बायकांचे कष्टाचे पैसे बुडतात!

बोरी अरबला आमच्या बचत गटातली एक सून लग्नाचे, बारशाचे फोटो काढते. हळदीला, डोहाळजेवणाला बायकांना फोटो काढायला बाईच बरी वाटते, त्यामुळं तिला कामं मिळू लागली. गटाचं कर्ज काढून तिनं शहरातल्या एका दुकानातून अकरा हजारांची नवी लेन्स आणली. पहिल्याच कार्यक्रमात गडबड दिसली. मध्ये बसलेली नवरी लख्ख, पण उजव्या टोकाला उभी असलेली आत्या धुक्यात! प्रत्येक ग्रुप फोटोत तेच.

पोरगी हुशार. तिनं भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवलं, कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला आणि समोरून फोटो काढले. डावीकडची अक्षरं वाचता येत होती, उजवीकडची नाही. कॅमेरा उलटा करून काढले, तर पानाची डावी बाजू पुसट. मग त्याच कॅमेऱ्याला जुनी लेन्स लावली, तर सगळं पान स्वच्छ. म्हणजे दोष ना हाताचा, ना कॅमेऱ्याचा, लेन्सचाच. लेन्समध्ये काचेची अनेक भिंगं एका सरळ रेषेत बसवलेली असतात. त्यातलं एखादं जरा तिरकं बसलं, तरी एक बाजू कायमची पुसट येते.

ती दुकानात गेली. उत्तर मिळालं, “खोकं उघडलं, आता परत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा, दीड महिना लागेल.” आणि बोट बिलावरच्या त्या ओळीवर. माझ्याकडे आली तेव्हा रडकुंडीला आलेली. “ताई, त्यायनं लेन्स हातात बी नाही घेतली. वरून म्हणते, तुमालेच फोटो काढता येत नसन!” घरी सासूबाईंचं वेगळंच. “जाऊ दे वं, दुकानात भांडाले जाऊ नोको. चार लोकं काय म्हनतीन?” इकडे लग्नसराई तोंडावर आणि गटाचा हप्ता दर महिन्याला ठरलेला.

आता कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा १९८६ मध्ये आला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही या कायद्यानं ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरवली आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत पैसे परत करायचे असतात. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच.

“पण ती धंद्यासाठी घेतलेली वस्तू ना, मग ती ग्राहक कशी?” असं गटातल्याच एकीनं विचारलं. प्रश्न बरोबर आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही. मात्र केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून जो वस्तू घेतो आणि वापरतो, तो ग्राहकच. शिलाई मशीन घेणारी, पिठाची गिरणी घालणारी, लेन्स घेणारी, अशा सगळ्या जणी यात येतात.

आम्ही दोघींनी बसून साधं पत्र लिहिलं. खरेदीची तारीख, बिल क्रमांक, लेन्सवरचा क्रमांक, दोष काय, तो कसा तपासला, आणि मागणी : बदलून द्या किंवा पैसे परत करा. सोबत पानाचे ते फोटो जोडले. पत्र स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपून ठेवली. अकराव्या दिवशी दुकानातून फोन आला. नवी लेन्स तिनं तिथंच चारही कोपरे तपासून घेतली. आवाज चढवावा लागला नाही, कागद बोलला.

नाहीच ऐकलं असतं, तरी वाट होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढं यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दुकान कुठल्याही शहरात असो. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची. आयोगाचा निकाल लागायला वेळ लागतो, हे खरं. म्हणूनच पहिलं पत्र वेळेत आणि नेमकं लिहायचं.

आणि हे काही बायकांसाठी नवीन नाही हं! १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, कायदा येण्याच्या वीस वर्षं आधी. १९७२ नंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या त्याही घरसंसार करणाऱ्या बायकाच. मग एक सदोष वस्तू परत करताना आपली मान खाली का?

दुसरी बाजूही सांगायला हवी. लग्नात नेसून झालेली साडी ‘रंग आवडला नाही’ म्हणून परत करणं हा हक्क नाही, लबाडी आहे. दोष वेगळा आणि मन बदलणं वेगळं. गावातला लहान दुकानदारही ठोक व्यापाऱ्याकडून तोच बंद डबा आणतो. त्याला फसवलं तर उद्या खऱ्या तक्रारीवरही तो विश्वास ठेवणार नाही.

तेव्हा एवढं करा. पक्कं बिल घ्या, ‘बिल नको, थोडं कमी करा’ या मोहात पडू नका, कारण बिल नसलं की आपली बाजूच लंगडी पडते. वस्तूवरचा क्रमांक वॉरंटी कार्डाशी जुळवून घ्या. वस्तू आणल्या आठवड्यातच नीट वापरून बघा, खोकं फेकू नका. दोष दिसला तर तोंडी भांडण्याआधी लेखी कळवा. आणि वस्तू तुम्ही घेतली असेल तर बिलही तुमच्याच नावाचं करून घ्या. पैसे बाईचे, वापर बाईचा, आणि बिलावर नाव मात्र घरच्या पुरुषाचं, हे आता पुरे.