एकाच शुक्रवारी तीन मराठी चित्रपट

पितृपक्षातल्या शुक्रवारी, १२ सप्टेंबर २०२५ला, मराठीत एकदम तीन चित्रपट लागले: ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’. पुढच्या शुक्रवारी ‘साबर बोंडं’ आला. चारही वेगवेगळ्या जातकुळीचे, चारहींमागे मेहनत, आणि चारही त्याच प्रेक्षकाच्या खिशाकडे बघणारे. हा प्रेक्षक मी रोज ठाण्याजवळच्या कळव्याच्या फलाटावर पाहतो. खारेगाव, मनीषा नगर, पारसिक नगर, विटाव्यात राहणारा, नोकरीसाठी मुंबई गाठणारा. गणपतीचा खर्च नुकताच झालेला, दिवाळीचा समोर उभा. त्याच्या घरात चौघांनी मिळून महिन्याला एक सिनेमा झाला तरी पुष्कळ. त्याच्यासमोर पंधरवड्यात चार ताटं वाढायची आणि मग मराठी माणूस मराठी सिनेमा बघत नाही म्हणून गळा काढायचा, हे मला पटत नाही.

आधी चित्रपटांबद्दल बोलू.

‘दशावतार’ बघाच. दिग्दर्शक सुबोध खानोलकर. कोकणातला बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी नट, दृष्टी अधू होत चाललेली, आणि मुलाचं म्हणणं की आता पुरे. दिलीप प्रभावळकरांनी वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी हे काम केलं आहे. ‘हसवाफसवी’ नाटकात एकट्याने सहा भूमिका वठवणाऱ्या नटाला अशी भूमिका मिळणं हा योग आहे, आणि त्यांनी त्याचं सोनं केलं आहे. ज्यांनी खरा दशावतार, कोकणातलं हे लोकनाट्य, पाहिला आहे त्यांना हा नट काय चीज असतो ते ठाऊक आहे. तोंडाला रंग स्वतःच लावायचा. साडी नेसलेला पुरुष राणी म्हणून उभा राहतो आणि कुणाला खटकत नाही. लिहिलेली संहिता नाही. कथानक ठरलेलं, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतो. एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन. पेटी, मृदंग, झांज, आणि रात्रभर जागणारं गाव. आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या मालवणी महोत्सवांत हा खेळ अजून होतो, आणि पुढच्या रांगेतल्या आज्यांना पुढचा प्रसंग नटाआधी माहीत असतो.

चित्रपटाचा पूर्वार्ध या जगाला खरा आहे. बाप-मुलातलं प्रेम आणि त्यातच दडलेली कुरबुर, हे सगळं आपल्या घरातलं वाटतं. उत्तरार्धात खाणीचा विषय येतो, कथा सुडाच्या वाटेला लागते आणि पार्श्वसंगीत वाढत वाढत जातं. तिथे माझी तक्रार आहे. कोकणातल्या खाणींचा प्रश्न इतका खरा आहे की त्यासाठी खलनायकांना इतकं मोठ्याने बोलायला लावायची गरज नव्हती. तरीही प्रभावळकर पडद्यावर आले की तक्रार मागे पडते. कळव्यात घरटी एक तरी माणूस सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीचा निघेल. त्याने हा सिनेमा घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन बघावा.

‘साबर बोंडं’ अगदी दुसऱ्या टोकाचा. रोहन परशुराम कानवडे यांच्या या पहिल्या मोठ्या चित्रपटाला २०२५च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळालं. त्या महोत्सवात मराठी चित्रपटाला असा मान कधी मिळाला नव्हता. आनंद मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करतो. वडील जातात, आणि दहा दिवसांच्या सुतकासाठी त्याला आईबरोबर गावी राहावं लागतं. तिशीतला मुलगा, लग्न नाही, म्हटल्यावर नातेवाईक काय विचारणार हे वाचकांना सांगायला नको. गावात त्याला लहानपणीचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो. दोन पुरुषांमधलं प्रेम इतक्या साधेपणाने, कुठलाही झेंडा न फडकवता, मराठी पडद्यावर मी याआधी पाहिलेलं नाही.

यात पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी बसतो आणि माणसं त्याच्यासमोर जगत राहतात. ओसरीवर बसलेले नातेवाईक बोलतात, कुणी उठून जातं, कुणी येऊन बसतं, आणि आनंद कुठे बघतो आहे ते आपण शोधायचं. पहिली वीस मिनिटं धीर धरावा लागतो. पण मुलाबद्दल सगळं कळलेली आई त्याच्याशी ज्या आवाजात बोलते, ते जयश्री जगताप यांचं काम वर्षातल्या उत्तम कामांपैकी एक आहे. आनंद आणि बाळ्या झालेल्या भूषण मनोज आणि सुरज सुमन यांनीही कुठे अभिनय दाखवलेला नाही, ही त्यांची कमाई. ‘दशावतार’ आणि ‘साबर बोंडं’ यांत एकच बघायचा तर कुठला, असं विचाराल तर माझं मत ‘साबर बोंडं’ला.

‘बिन लग्नाची गोष्ट’मध्ये उमेश कामत आणि प्रिया बापट ही जोडी बारा वर्षांनी सिनेमात एकत्र आली आहे. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक सोबत असल्यावर संध्याकाळ बरी जाते. ‘आरपार’ ललित प्रभाकर आणि हृता दुर्गुळे यांच्या चाहत्यांसाठी.

आता तारखांचा प्रश्न. १० नोव्हेंबर २०२३ला, ऐन दिवाळीत, ‘श्यामची आई’ आणि ‘नाळ २’ एकाच दिवशी लागले होते. २०२५च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले तेव्हा ‘श्यामची आई’ उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आणि ‘नाळ २’ उत्कृष्ट बालचित्रपट. म्हणजे देशाने गौरवलेले आपले दोन चित्रपट आपणच एकमेकांच्या अंगावर सोडले होते. दोन्ही लहान मुलांना दाखवावेत असे. आईबापांनी त्या सुट्टीत एकच निवडला. पदार्पणाच्या दिग्दर्शनासाठी त्याच वेळी आशिष बेंडे यांना गौरवलं गेलं तो ‘आत्मपॅम्फ्लेट’ही असाच २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आला आणि लोकांना कळेपर्यंत गेला. पुरस्काराची बातमी वाचून अनेकांनी मला विचारलं, हा कधी लागतो आहे?

मल्टिप्लेक्सवाल्यांचा दोष आहेच. २०१५ साली राज्य सरकारने मराठी चित्रपटाला प्राइम टाइममध्ये खेळ द्यायचं ठरवलं. आधी संध्याकाळचे सहा ते नऊ असं जाहीर झालं; गदारोळ उठल्यावर प्राइम टाइम दुपारी बारा ते रात्री नऊ असा पसरट झाला. मंगळवारी दुपारी साडेबाराचा खेळ लावला तरी नियम पाळला जातो. कळव्याहून मुंबईला गेलेला माणूस त्या वेळी हापिसात असतो. २०२५च्या जुलैत ‘सैयारा’ या हिंदी चित्रपटाच्या लाटेत ‘येरे येरे पैसा ३’चे पडदे गेले तेव्हा आंदोलनाची भाषा झाली. ती मला समजते. पण तीन मराठी निर्माते एकाच शुक्रवारवर हटून बसतात तेव्हा कुणाविरुद्ध आंदोलन करायचं? निर्मात्यांच्या संघटनेने वर्षाचं वेळापत्रक मांडून बसावं आणि दोन मराठी चित्रपटांत निदान दोन आठवड्यांचं अंतर ठेवावं. चार लोक एकमेकांना सांगतात आणि मग गर्दी होते, त्याला आठवडा लागतो. तेवढा वेळ सिनेमाला मिळतच नाही.

नाटकाला तेवढा वेळ मिळतो, म्हणून नाटक तगून आहे. प्राजक्त देशमुख यांचं ‘संगीत देवबाभळी’ २०१७ला आलं. आवली आणि रखुमाई, रंगमंचावर दोघीच. पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावर त्याचा निकाल लावला असता तर मराठी रंगभूमी केवढ्याला मुकली असती! ते प्रयोगामागून प्रयोग वाढत गेलं. संदेश कुलकर्णी यांनी लिहिलेलं आणि अमृता सुभाष यांनी बसवलेलं ‘असेन मी नसेन मी’ हे स्मृतिभ्रंशावरचं नाटकही असंच तोंडी कौतुकावर पोचतं आहे. नीना कुळकर्णी यांच्या कामासाठी तरी ते चुकवू नका.

कळवेकरांसाठी चांगली बातमी म्हणजे १९७८पासून ठाण्याची शान असलेलं गडकरी रंगायतन दुरुस्तीनंतर १५ ऑगस्ट २०२५ला पुन्हा उघडलं. २०२४च्या ऑक्टोबरपासून ते बंद होतं, तेव्हा ठाण्यात नाटक म्हणजे हिरानंदानी मेडोजमधलं घाणेकर नाट्यगृह. कळव्याला फक्त धीमी लोकल थांबते. रात्रीचा प्रयोग संपवून तिथून रिक्षा, मग स्टेशन, मग लोकल, हे साठीच्या जोडप्याने करायचं कसं? कितीतरी जणांचं नाटक या दहा महिन्यांत सुटलं. त्यांनी आता परत यावं. आणि महापालिकेने कळव्यातच दोनशे खुर्च्यांचं एखादं साधं सभागृह द्यावं. मोठा रंगमंच नको. कल्याणच्या ‘मिती चार’सारख्या नाट्यसंस्थांनी छोट्या जागांत काय होऊ शकतं हे दाखवून दिलेलं आहे.

टीव्हीबद्दल थोडक्यात. ‘चला हवा येऊ द्या’ हा विनोदी कार्यक्रम २०२५च्या जुलैत परत आला, पण या वेळी ती विनोदवीरांची स्पर्धा होती. जुन्या पर्वात दर आठवड्याला नव्या मराठी चित्रपटाची मंडळी येऊन बसायची आणि घराघरात त्या सिनेमाचं नाव पोचायचं. ती सोय गेली हे मराठी सिनेमाचं खरं नुकसान आहे. वाहिन्यांनी मालिकांच्या महासंगमातला अर्धा तास काढून आठवड्याच्या मराठी चित्रपटाला द्यावा.

२०२५मध्ये २ ऑक्टोबरला दसरा होता आणि त्याच दिवशी ‘कांतारा’ या कन्नड चित्रपटाचा नवा भाग आला.   ‘साबर बोंडं’चे खेळ मोजकेच होते. जिथे मिळेल तिथे बघून घ्या.