गेम जुना झालेला नाही, त्याला कुलूप लावून किल्ली फेकून दिलीय

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर, कपाटात जुन्या गेमच्या सीड्या पडल्यात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनीही वाचा, कारण विषय फक्त गेमचा नाही.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. दिवाळीची सुट्टी आणि मे महिना आला की एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. वय पस्तीस-चाळीस, हातात वीस वर्षांपूर्वी पैसे मोजून घेतलेली ओरिजिनल सीडी, सोबत स्वतःचं पोरगं. तक्रारही ठरलेली: "इन्स्टॉल होतो. डबल क्लिक केलं की क्षणभर गोल फिरतं आणि मग काहीच नाही." चार ठिकाणी विचारून आलेले असतात आणि चारही ठिकाणी एकच उत्तर मिळालेलं असतं. जुना झाला तो. सोडा आता. नवीन घ्या.

हे उत्तर चुकीचं आहे, आणि आपण सगळ्यांनी ते मुकाट्याने मान्य केलंय याचा मला राग येतो.

प्रोग्रॅमला गंज चढत नाही. त्याचे दात झिजत नाहीत, पट्टा तुटत नाही. सीडीवर ओरखडे नसतील तर २००५ साली त्यावर जे होतं तेच आज आहे. मग चालू होताना तो कोसळतो कशाने? माझ्या अनुभवात कारणं तीन प्रकारची असतात, आणि त्यातलं एकच खऱ्या अर्थाने 'जुनेपणाचं' आहे.

पहिलं कारण, कुलूप.

'नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड' घ्या. २००५ चा गेम. ती निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीला पाठ आहे. त्याच्या सीडीवर सेफडिस्क नावाचं कॉपी-संरक्षण होतं, मॅक्रोव्हिजन कंपनीचं. हे कुलूप उघडण्यासाठी विंडोजच्या अगदी गाभ्यात बसणारा एक ड्रायव्हर लागायचा, त्याचं नाव सेकड्राइव्ह. मायक्रोसॉफ्ट तो विंडोज एक्सपीबरोबरच देत होती. २००७ मध्ये त्याच ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भोक सापडलं. ठिगळ लावलं गेलं. २०१५ मध्ये विंडोज १० आलं, त्यात हा ड्रायव्हर चालेनासा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरक्षा अपडेटने व्हिस्टा, ७ आणि ८ वरही तो मुळात बंद करून टाकला.

इथे मी मायक्रोसॉफ्टला दोष देणार नाही. गाभ्यात भोक असलेला ड्रायव्हर काढून टाकणं बरोबरच होतं. प्रश्न कुलूप लावणाऱ्यांना आहे. किल्ली चालेनाशी झाली हे जगाला कळल्यावर कुलूप काढून द्यायची जबाबदारी कोणाची? गेम विकून पैसे कोणी घेतले? कुलूप काढलेली एक छोटी फाइल अधिकृतपणे देता आली असती. काही गेमच्या बाबतीत ती दिली गेली, कित्येकांच्या बाबतीत नाही.

आता यातला खरा विनोद बघा. त्या काळात चाळीस-पन्नास रुपयांना मिळणारी पायरेटेड सीडी ज्याने घेतली, त्याच्या गेमवर हे कुलूप नव्हतंच. ते आधीच तोडलेलं होतं. त्यामुळे त्याला या कारणाने आजही अडचण येत नाही. अडचण येते ती दुकानात जाऊन पूर्ण किंमत मोजून, खोका आणि बिल घेऊन आलेल्या माणसाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

दुसरं कारण, बंद झालेलं दार.

काही गेमना चालू होण्यासाठी दुसरीच एखादी सेवा जिवंत असावी लागते. 'गेम्स फॉर विंडोज लाइव्ह' आठवतंय? 'फॉलआउट ३' हा २००८ चा गेम, एकट्याने खेळायचा. त्यातल्या ओसाड वॉशिंग्टनमध्ये फिरायला इंटरनेटची काहीही गरज नाही. तरीही तो या सेवेला बांधलेला होता. सेवेचं दुकान ऑगस्ट २०१३ मध्ये बंद झालं. नव्या विंडोजवर त्या सेवेची फाइल सापडत नाही म्हणून गेम पहिल्याच पावलाला पडायचा. आणि हा गेम त्या सगळ्या काळात स्टीमवर विकला जात होता! पानावर एक ओळ लिहिलेली, की विंडोज ७ आणि पुढच्यांसाठी हा अनुकूल नाही. म्हणजे चालेल याची खात्री नाही, पण पैसे घेऊ. ती बांधणी अधिकृतपणे सुटली ऑक्टोबर २०२१ मध्ये. मधली सगळी वर्षं दुरुस्ती कोण करत होतं? फुकटात, रात्री जागून, खेळणारेच.

'जीटीए ४' ची गोष्ट तशीच. जानेवारी २०२० मध्ये तो स्टीमवर विकत मिळेनासा झाला, कारण त्याच बंद सेवेच्या नव्या किल्ल्या तयार करता येत नव्हत्या. मार्चमध्ये परत आला तो मल्टीप्लेअर गमावून.

तिसरं कारण, खरा जुनेपणा.

हे मात्र खरं आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९९० च्या दशकातल्या काही गेमचे इन्स्टॉलर १६ बिटचे आहेत, ते ६४ बिट विंडोजवर उघडतच नाहीत. काही गेम एकाच कोअरचा प्रोसेसर धरून लिहिलेत, आठ कोअर दिसले की गोंधळतात. काही सेव्ह फाइल थेट प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरात लिहायला जातात, आणि व्हिस्टापासून विंडोज तिथे सहजासहजी लिहू देत नाही. यात कोणाचा डाव नाही, काळ पुढे गेला एवढंच. आणि गंमत अशी की हीच कारणं दुरुस्त करायला सगळ्यात सोपी आहेत.

म्हणून 'नवीन घ्या' म्हणण्याआधी एवढं करून बघा:

१. अंदाज बांधू नका. विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशनवर जा. गेम पडला त्या वेळची लाल खुणेची नोंद शोधा. कोणत्या फाइलमुळे पडला त्याचं नाव बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं. ते नाव कळलं की अर्धं काम झालं.

२. डी३डीएक्स९ ने सुरू होणारी फाइल नाही असं म्हणत असेल, तर मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स रनटाइम टाका. नवं डायरेक्टएक्स असलं तरी या जुन्या फाइल्स त्यात येत नाहीत. एकेकटी डीएलएल फाइल भलत्याच साइटवरून उतरवू नका. गेम राहील बाजूला, व्हायरस येईल घरात.

३. जुन्या गेमना डायरेक्टप्ले लागतं. विंडोजच्या 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' मध्ये लेगसी कंपोनंट्सखाली आहे, तिथे टिक करा.

४. गेम प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर, साध्या फोल्डरात इन्स्टॉल करा.

५. चित्रच येत नसेल किंवा काळा पडदा येऊन बंद होत असेल, तर डीजीव्हूडू २ बघा. जुन्या ग्राफिक्सची भाषा नव्या कार्डाला समजावणारा दुभाष्या आहे तो. डॉसचे गेम असतील तर डॉसबॉक्स.

६. 'फॉलआउट ३' सारखा गेम चालू होऊन गोठत असेल, तर त्याच्या आयएनआय फाइलमध्ये दोनच कोअर वापरायला सांगणाऱ्या दोन ओळी टाकतात. नोटपॅडचं काम आहे.

७. विकत घेण्याआधी जीओजीवर बघा. २००८ पासून जुने गेम कुलपाशिवाय, चालतील अशा अवस्थेत विकतात. म्हणजे धंदा करूनही हे जमतं. 'परवडत नाही' हे कारण तिथेच संपतं.

आता नेहमीचे आक्षेप.

"अहो, खेळच तर आहे." बरोबर. आणि एके काळी 'सिनेमाच तर आहे' असंही म्हटलं जायचं. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण उपलब्ध नाही. आपले बहुतेक मूकपट गेले, कायमचे. पुण्यात फिल्म अर्काइव्ह उभं राहिलं १९६४ मध्ये, तोवर उशीर झाला होता. करमणूक म्हणून हिणवलेली गोष्ट पुढे इतिहास होते, आणि तेव्हा हात चोळत बसण्याशिवाय काही उरत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळतच नाहीत.

"कंपनीने काय जन्मभर सर्व्हर चालू ठेवायचे?" नाही, तसं कोणी मागत नाही. युबिसॉफ्टने 'द क्रू' चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि एकट्याने खेळण्यासाठी घेतलेला गेमही लोकांच्या हातातून गेला. त्यावरून युरोपात मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये तिने दहा लाख सह्या ओलांडल्या. मागणी एवढीच, की दुकान बंद करताना विकलेला माल चालू अवस्थेत सोडून जा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे. वस्तू तुमच्या मालकीची होत नसेल, फक्त परवाना मिळत असेल, तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' म्हणता येत नाही.

"कुलूप तोडणं बेकायदा आहे." हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकतो, आणि तो अमेरिकेच्या कायद्यावरून उचललेला आहे. आपला कायदा वाचा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२. ज्याच्याकडे प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत आहे, त्याने तो ज्या कामासाठी दिला गेला त्या कामासाठी वापरता यावा म्हणून केलेली प्रत किंवा फेरफार हा हक्कभंग नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ६५ए कलम आलं. त्यात शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण ती हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला. कायद्याने स्पष्ट मना न केलेल्या कामासाठी असेल तर सूट आहे. अट एकच: दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची. आमच्या दुकानात त्यासाठी वही आहे. सीडी आणि खोका बघितल्याशिवाय त्यात नाव चढत नाही.

म्हणजे आपला कायदा या बाबतीत ग्राहकाच्या बाजूने आहे आणि आपल्यालाच ते माहीत नाही. दुकानदार घाबरतो, गिऱ्हाईक घाबरतं आणि चांगली सीडी भंगारात जाते.

पण याच कायद्यात एक मोठं भगदाडही आहे. सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते, पण कधी? तिच्याकडे त्याची बिगर-डिजिटल प्रत आधीपासून असेल तर. गेमची बिगर-डिजिटल प्रत कुठून आणायची? १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन शहरांतल्या ग्रंथालयांना द्यावी लागते. सॉफ्टवेअरला असं काही नाही. इथे बनलेले गेम, शाळांसाठी निघालेल्या मराठी सीड्या, यांच्यासाठी ठेवायची जागाच नाही.

आणि म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, विषय फक्त गेमचा नाही. डीटीपीचं काम करणाऱ्या माझ्या मित्रांना विचारा. जुन्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरला मागे डोंगल लावावं लागायचं. ते पोर्ट नव्या मशीनवरून गेलं, डोंगल खराब झालं, की सॉफ्टवेअर उघडत नाही. फाइल युनिकोडमध्ये नाही, त्यामुळे दुसरीकडे उघडली तर नुसती चिन्हं दिसतात. त्यात कोणाचा दिवाळी अंक आहे, कोणाची गावाची स्मरणिका, कोणाच्या वडिलांची कविता. गेमवाल्याला जे कुलूप नडलं तेच इथे नडतंय. सरकारी कचेऱ्यांत इंटरनेट एक्सप्लोररशिवाय न चालणाऱ्या साइट्सनी काय हाल केले तेही आठवा. तो ब्राउझर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली. त्यात शेतीची अवजारं आली, मोबाइल आले, घरगुती उपकरणं आली, गाड्या आल्या. ट्रॅक्टर दुरुस्त करायचा हक्क मिळायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण सॉफ्टवेअर त्या यादीत स्वतंत्रपणे नाही, आणि आज ट्रॅक्टरमध्येसुद्धा सॉफ्टवेअरच बसलंय.

माझ्या मागण्या चार आहेत. दुरुस्तीच्या हक्कात सॉफ्टवेअर आणा. विकताना खोक्यावर किंवा पानावर लिहा, की चालायला कोणती सेवा लागते आणि ती कधीपर्यंत चालू राहील. सेवा बंद करताना कुलूप काढणारी फाइल देणं सक्तीचं करा. आणि ग्रंथालयांना डिजिटल वस्तूंचं जतन करायची परवानगी द्या, 'बिगर-डिजिटल प्रत' ही अट काढून.

तुम्ही काय करू शकता? न चालणारी वस्तू विकली गेली असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. गेमची तक्रार करायला लाजू नका, पैसे तुम्ही खरेच मोजलेत. खासदाराला दोन ओळींचं पत्र लिहा. जुन्या सीड्या भंगारात देऊ नका, त्यांच्या प्रती काढून ठेवा. आणि तुमच्याकडचा कोणता गेम चालू होत नाही, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कोणत्या फाइलचं नाव येतं, ते खाली लिहा. जमेल तितक्यांना उत्तर देईन, तुमच्यातल्या जाणकारांनीही द्या.

फक्त 'जुना झालाय, सोडा' असं कोणी कोणाला सांगू नका. पैसे घेताना त्यांनी आपल्याला मुदत सांगितली नव्हती.