सुट्टी मंजूर झाली का?

परवा रात्री यांच्या अंगावर पांघरूण घालायला गेले, तर यांनी माझा हात बाजूला सारला. म्हणाले, ''अहो बाई, माझं लग्न झालंय. बायको गावाला असते. तुम्ही जा इथून.''

आधी हसू आलं. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं इतक्या स्पष्ट शब्दांत आपली निष्ठा सांगितली, तीही मला परकी बाई समजून!

यांना स्मृतिभ्रंश झालाय. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. गल्लीतली माणसं म्हणतात, 'वय झालं की विसरतंच माणूस.' पण चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो ते विसरणं वेगळं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार आपल्याकडे साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून अधिक जणांना हा आजार आहे. म्हणजे तुमच्याही आळीत असं एखादं घर असणार, दार लोटून बसलेलं.

आमचा सातारा जिल्हा फौजींचा. अपशिंग्याला तर लोक 'मिलिटरी अपशिंगे'च म्हणतात. हे १९७६ साली भरती झाले, १९८१ साली आमचं लग्न झालं. मैत्रिणींनो, फौजीच्या बायकोचा संसार म्हणजे वर्षातून दोन महिन्यांची सुट्टी. बाकीचे दहा महिने सासू-सासरे, शेत, म्हैस, मुलांच्या शाळा आणि '५६ एपीओ'च्या पत्त्यावर पाठवायची अंतर्देशीय पत्रं. हे शांतिसेनेत श्रीलंकेला होते, तेव्हा महिना महिना पत्र यायचं नाही. तिथे काय झालं ते हे कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. आता रात्री दचकून उठतात आणि कुणाकुणाला हाका मारतात. ती नावं मी पस्तीस वर्षांनी पहिल्यांदा ऐकतेय. डोक्याला जबर मार बसलेल्यांना या आजाराचा धोका जास्त असतो, म्हणून डॉक्टरांनी विचारलं, ''नोकरीत कधी डोक्याला लागलं होतं का?'' मी काय सांगणार?

सुभेदार होऊन हे २००४ साली घरी आले. मुलांची शिक्षणं बाकी होती, म्हणून लगेच बँकेत सुरक्षारक्षकाची नोकरी धरली. ती २०१८ साली सुटली. आता दोघांनी निवांत राहायचं, यांनी पाहिलेलं काश्मीर मला दाखवायचं, असं ठरलं होतं. वर्षभरातच हे पेन्शन घेऊन येताना आपल्याच गावात रस्ता चुकले. ज्या दिवसांची मी वाट बघत होते, ते असे आले.

बायका मला सावित्री म्हणतात. 'कुंकवाचा धनी डोळ्यांसमोर आहे, आणखी काय हवं?' म्हणतात. बोलणाऱ्या प्रेमानंच बोलतात, पण या कौतुकानं आपलं तोंड बंद होतं. सावित्रीचं काम यमाशी बोलून एका दिवसात उरकलं होतं. इथे सहा वर्षं झाली!

तोंड उघडतेच, तर एक कबूल करते. गेल्या वर्षी एका दुपारी यांनी तिसऱ्यांदा लेंगा भरवला. बदलू देईनात, मला ढकलू लागले. मी इतकी ओरडले, असा हात झटकला, की माझ्या बांगडीचा ओरखडा यांच्या मनगटावर उठला. हे भिंतीला पाठ लावून उभे राहिले, शाळेतल्या पोरासारखे. ज्या माणसानं माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, तो मला भ्यायला होता. त्या रात्री वाटलं, माझ्यातली बायको कधीच संपलीय, उरलीय ती नुसती दमलेली आया.

म्हणून सकाळसाठी एक माणूस ठेवला. गोळ्या ईसीएचएसमधून येतात, या माणसाचा पगार पेन्शनमधून जातो. जाऊबाई म्हणाल्या, ''नवऱ्याची सेवा पैसे देऊन करून घेतेस?'' मला लागलं. पण पहिल्याच दिवशी तो माणूस म्हणाला, ''साहेब, चला, परेडची वेळ झाली.'' आणि हे निमूट अंघोळीला गेले! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. यांच्या लेखी रोज सकाळी एक अनोळखी बाई येऊन यांचे कपडे उतरवत होती. आडमुठेपणा कसला, लाजत होते ते. आणि मी मात्र सहा वर्षं त्यालाच पातिव्रत्य समजत होते.

ज्यांना परवडत नाही, त्यांनी दीर, मुलगा, पुतण्या यांच्यापैकी कुणाला तरी हे काम सांगावं. हो, सांगावं. आपण होऊन कुणी विचारत नाही.

आणखी एक रुक्ष गोष्ट. माणूस भानावर आहे तोवर कागदपत्रं करून घ्या. पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर हवं. त्यांच्या नावावरच्या जमिनीच्या कागदावर बायको म्हणून आपली सही चालत नाही, आणि केलेलं मुखत्यारपत्रही भान गेल्यावर कायद्यानं टिकत नाही. आम्हाला हे कळलं, तेव्हा यांना सही येईनाशी झाली होती.

अंघोळ-दाढी आटोपून हे पडवीत बसतात. मी दोन कप चहा घेऊन जाते. आता हात घाण नसतात, डोकं तापलेलं नसतं. कधी ओळखतात, 'अगं' म्हणतात. बहुतेक वेळा 'अहो बाई'च. पूर्वी मी चिडून सांगायचे, 'अहो, मीच ती!' त्यानं हे नुसते बावचळायचे. आता नाही सांगत.

संध्याकाळ झाली की यांचा जीव कासावीस होतो. पिशवी भरून दाराशी उभे राहतात. घरी जायचं असतं. काल मला साहेब समजून कडक सॅल्यूट ठोकला आणि विचारलं, ''साहेब, माझी सुट्टी मंजूर झाली का?''

''झाली.''

''किती दिवस?''

''दोन महिने.''

चेहरा असा उजळला म्हणून सांगू! असा मी कधी पाहिलाच नव्हता. कसा पाहणार? सुट्टी मंजूर व्हायची तेव्हा मी इकडे असायचे. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, ''झेलम कितीची आहे? बायको वाट बघत असेल.''

मी म्हटलं, ''गाडीला अजून वेळ आहे, बसा.'' आणि शेजारी बसले.