बीकरपलीकडचे नॅनो

अमेरिकेने नॅनो संशोधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला त्या सुमारास, २०१५ पर्यंत नॅनोची जागतिक बाजारपेठ एक लाख कोटी डॉलरची होईल, असे भाकीत केले गेले होते. भारतानेही २००७ साली पाच वर्षांसाठी हजार कोटी रुपयांचे नॅनो मिशन सुरू केले. शोधनिबंधांच्या संख्येत आज आपण जगात पहिल्या पाचांत आहोत. बाजारात त्यातले काय पोहोचले, याचे उत्तर आपणच द्यायला हवे.

काहीच पोहोचले नाही, असे नाही. कोविडच्या एमआरएनए लशी लिपिड नॅनोकणांमुळेच पेशीपर्यंत गेल्या. पण त्या यशाची मुळे खोल आहेत. लिपोसोमचे वर्णन १९६०च्या दशकातले. लिपोसोममधल्या डॉक्सोरुबिसिनला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९५ साली, आणि लिपिड नॅनोकणांतून आरएनए देणारे पहिले औषध, पॅटिसिरान, २०१८ साली आले. मधली वर्षे योग्य लिपिड शोधण्यात गेली, तशीच प्रत्येक बॅचमध्ये कणांचा आकार तोच राहील अशी मिश्रणपद्धत बसवण्यातही गेली. या दुसऱ्या कामावर नामांकित नियतकालिकांत निबंध क्वचितच छापून येतो. औषध मात्र त्याच कामावर उभे राहते.

कार्बन नॅनोट्यूबचा अनुभव वेगळा आहे. बायर कंपनीने २०१० साली लेव्हरकुसेनला वर्षाला २०० टन क्षमतेचा प्रकल्प उभारला आणि २०१३ मध्ये हे काम थांबवले. उपयोग विखुरलेले होते, मोठे गिऱ्हाईक नव्हते. आज त्याच नॅनोट्यूब लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये विद्युतवाहकता वाढवण्यासाठी टनावारी खपतात. पदार्थ जुनाच आहे, त्याची नेमकी गरज मात्र नंतर निर्माण झाली.

आपल्या शेतापर्यंत आलेल्या नॅनोबद्दल तर स्पष्ट बोलले पाहिजे. इफ्कोने २०२१ साली युरियाच्या गोणीला पर्याय म्हणून, पानांवर फवारायचा नॅनो युरिया आणला. तेव्हाच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत चार टक्के, म्हणजे साधारण २० ग्रॅम नत्र होते. ४५ किलोच्या गोणीत ते २० किलोंहून अधिक असते. गोणीतले निम्म्याहून जास्त वाया जाते असे धरले, तरी शेकडो पटींची ही तफावत पानांतून होणारे शोषण कितीही चांगले असले तरी भरून निघत नाही. पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत भात आणि गहू दोन्हींचे उत्पादन घटलेले आढळले. तरीही युरियाची गोणी हवी असेल तर ही बाटली घ्यावीच लागते, अशा लिंकिंगच्या तक्रारी महाराष्ट्रातले शेतकरी आणि कृषी सेवा केंद्रचालक वारंवार करत आले आहेत. पुरावा पुरेसा जमण्याआधी माल विकला की विश्वास उडतो, आणि तो उडाला की पुढच्या खऱ्या संशोधनालाही शेतकरी दारात उभे करणार नाही. या चाचण्या स्वतंत्रपणे, विक्रीपूर्वी व्हाव्यात असा आग्रह धरायला आपल्यापैकी किती जण पुढे आले?

म्हणून आमच्यापुरती सुरुवात करत आहोत. यापुढे या नियतकालिकाच्या नॅनोपदार्थांवरील लेखांत एकाच पद्धतीने बनवलेल्या किमान तीन बॅचमधील कणांच्या आकाराचे मोजमाप, सहा महिने साठवल्यावरची स्थिती आणि एका किलोच्या उत्पादनाचा अंदाजे खर्च द्यावा, ही लेखकांना विनंती. आकडे निराश करणारे असले तरी ते आम्ही छापू.