घरगुती सुतारकाम आणि हिशेबाबाहेरची धूळ

लघुउद्योगांविषयीच्या आपल्या चर्चेत भांडवल, कच्चा माल आणि बाजारपेठ यांचा ऊहापोह पुष्कळ होतो. कारागिराच्या श्वासाचा क्वचितच. घरालगतच्या पडवीत चालणारे सुतारकाम पाहावे. हातकरवत आणि रंधा यांवर काम चाले तोवर ढलपे व जाडा भुसा पायाशी पडे आणि बंबात जाई. विजेची करवत, विशेषतः सँडर, आल्यापासून धुळीचे स्वरूपच पालटले. डोळ्यांना न दिसणारी भुकटी तासन्‌तास हवेत तरंगते आणि संध्याकाळी केरसुणी फिरली की पुन्हा उठते. त्याच पडवीत मुले अभ्यासाला बसलेली असतात.

हा केवळ खोकल्याचा प्रश्न नव्हे. इंग्लंडमधील हाय विकम परिसरातील फर्निचर कामगारांत नाकाच्या कर्करोगाचे प्रमाण असाधारण असल्याचे १९६० च्या दशकात आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना मानवास निश्चितपणे कर्करोगकारक अशा द्रव्यांत केली.

आपला कायदा अनभिज्ञ होता असे नाही. धूळ जेथे उत्पन्न होते त्याच्या शक्य तितक्या निकट शोषणयंत्रणा असावी, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या चौदाव्या कलमात नेमके म्हटले होते. पण विजेवरील उद्योगात किमान दहा कामगार असले तरच तो सामान्यतः लागू होई. २०२० च्या संहितेने ही मर्यादा वीसवर नेली. बापलेकांची पडवी दोन्हींच्या बाहेर.

तत्त्व मात्र घरातही तेच. भिंतीत पंखा बसवला की काम झाले, हा समज घातक आहे. कारागीर यंत्र आणि पंखा यांच्यामध्ये उभा असेल तर सारी धूळ त्याच्या नाकावरूनच जाते. यंत्राच्या तोंडाशी झाकण, तेथून चार इंची, कमीत कमी वळणांची नळी, वाटेत जाडा भुसा खाली पाडणारे पिंप आणि शेवटी दमदार पंखा, अशी मांडणी हवी. नळी अरुंद वा लांब झाली की ओढ मंदावते. टोकाला साधी कापडी पिशवी लावली तर भुसा अडतो, भुकटी मात्र आरपार खोलीत परतते. तेव्हा बारीक गाळणी लावावी, नाहीतर हवा बाहेर सोडावी. अर्थात शेजाऱ्याच्या खिडकीत नव्हे.

कारागीर हे का करीत नाही? अज्ञान हे सोपे उत्तर झाले, पुरेसे नव्हे. करवतीचा मोबदला महिनाअखेरीस हाती येतो. धूळशोषकाचा लाभ वीस वर्षांनी, तोही न झालेल्या आजाराच्या रूपाने. गिऱ्हाईक कपाट जुन्याच भावात मागते. खर्च टळत नाही, तो किमतीत न शिरता सुताराच्या छातीत साठतो.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश असून अवजारांसाठी १५,००० रुपयांची तरतूद आहे. एवढ्या रकमेत कारागीर आधी करवतच घेणार, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. म्हणूनच धूळशोषणासाठी अन्यत्र वळविता न येणारी वेगळी रक्कम द्यावी, आणि यंत्रासाठी कर्ज देणाऱ्या बँकेने नळी, पिंप व गाळणी यंत्राच्याच किमतीत धरावी.