मूळ गाणे आणि दुसरा गळा





स्नेहसंमेलन जवळ आले की शाळेत रोज नवा विषय निघतो. यंदाचा विषय अकरावीच्या मुलांनी काढला आहे. त्यांना मंचावर गिटार आणि ड्रम घेऊन एक इंग्रजी रॉक गाणे सादर करायचे आहे. त्यावर दोन आक्षेप माझ्या कानावर आले. पहिला असा की मराठी शाळेच्या मंचावर हे कशाला? दुसरा असा की गाणे दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची, मग यात आपल्या मुलांचे काय?

पहिल्या आक्षेपाची मला फारशी चिंता वाटत नाही. माझे पदवीपर्यंतचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी घरात बोलले आणि टिकवले. दुसरी भाषा शिकल्याने घरची भाषा जात नाही, हे इंदूरच्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. आपल्या मंचावर मालवी लोकगीते आणि हिंदी नाटुकलीही होत आली आहेत. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि त्याचे उत्तर द्यायला हवे.

दुसऱ्याने आधी ध्वनिमुद्रित केलेले गाणे आपल्या पद्धतीने पुन्हा सादर करणे, याला रॉक संगीतात ‘कव्हर’ म्हणतात. मुलांनी निवडलेले गाणे ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ हे याचे फार चांगले उदाहरण आहे. हे गाणे बॉब डिलन यांचे. पण जगात अनेकांना ते जिमी हेंड्रिक्स यांचेच वाटते. मुलांच्या आग्रहावरून मी दोन्ही पुष्कळदा ऐकली.

डिलन यांनी हे गाणे नोव्हेंबर १९६७ मध्ये अमेरिकेतील नॅशव्हिल येथे ध्वनिमुद्रित केले आणि ते डिसेंबरअखेर ‘जॉन वेस्ली हार्डिंग’ या अल्बममधून आले. त्या वर्षी बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ गाजत होता आणि स्टुडिओत वाद्यांवर वाद्ये चढवण्याची चढाओढ लागली होती. १९६६ च्या मोटारसायकल अपघातानंतर डिलन काही काळ लोकांपासून दूर राहिले होते. परत आले ते अगदी साधे गाणे घेऊन. साधी गिटार, हार्मोनिका, बास गिटार आणि ड्रम, एवढाच सरंजाम. तीन कॉर्ड्स पुन्हा पुन्हा फिरत राहतात. कडवी तीनच. एक विदूषक आणि एक चोर बोलत आहेत, दूर एक टेहळणीचा बुरूज आहे आणि कोणीतरी येत आहे. एवढ्यात गाणे संपते. अडीच मिनिटांत डिलन आपल्याला दारापर्यंत नेतात, आणि दार उघडतच नाहीत.

हेंड्रिक्स यांनी हे गाणे लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत जानेवारी १९६८ मध्ये घेतले. डिलन यांचा अल्बम येऊन तेव्हा महिनाही उलटला नव्हता. पुढे न्यूयॉर्कमध्ये काही महिने त्यावर संस्कार होत राहिले आणि सप्टेंबर १९६८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. गाण्याची लांबी आता चार मिनिटे झाली होती. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते विसाव्या क्रमांकापर्यंत गेले. हेंड्रिक्स यांचे त्या यादीत पहिल्या चाळिसात पोहोचलेले हे एकमेव गाणे.

त्यांनी काय बदलले आणि काय बदलले नाही, हे मुलांनी नीट पाहावे. शब्द जवळजवळ तेच ठेवले. तीन कॉर्ड्सचे चक्रही तेच ठेवले. बदलले ते दोन कडव्यांमधल्या जागेत. डिलन तिथे हार्मोनिकाचे चार सूर वाजवून पुढे जातात. हेंड्रिक्स त्या जागेत इलेक्ट्रिक गिटार घेऊन उतरतात. गिटारचा आवाज आधी गाणाऱ्या गळ्यासारखा येतो, मग तारेवरून घसरत लांबतो, मग बोलल्यासारखा तुटक होतो, आणि शेवटी पुन्हा शब्दांकडे परततो. डिलन ज्या वादळाची नुसती चाहूल देतात, ते हेंड्रिक्स प्रत्यक्ष आणतात. हे सुचायला मूळ गाणे फार बारकाईने ऐकावे लागते. डिलन यांनी कुठे जागा सोडली आहे, हे हेंड्रिक्स यांना कळले होते.

यामागे मोठी उमेदवारी होती, हेही विसरू नये. हेंड्रिक्स यांनी तरुणपणी लिटल रिचर्ड, आयझली ब्रदर्स अशा कलाकारांच्या मागे उभे राहून गिटार वाजवली होती. म्हणजे दुसऱ्यांची गाणी त्यांना हवी तशी वाजवण्यात त्यांची वर्षे गेली. आधी नक्कल, मग समज, आणि त्यानंतर स्वतःचे काही.

मूळ कवीला यात आपला अपमान वाटला का? अजिबात नाही. १९७० मध्ये हेंड्रिक्स अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेले. डिलन यांनी हे गाणे प्रेक्षकांसमोर पहिल्यांदा गायले ते जानेवारी १९७४ मध्ये, आणि ते हेंड्रिक्स यांच्या वळणाने. हे गाणे गाताना आपण त्यांना आदरांजली वाहतो असे वाटते, अशा अर्थाचे त्यांनी पुढे सांगितलेही. त्यानंतर त्यांनी ते दोन हजारांहून अधिक वेळा गायले. ज्यांना २०१६ चे साहित्याचे नोबेल मिळाले, त्या माणसाने आपलेच गाणे दुसऱ्याकडून पुन्हा शिकावे, यात मला मोठेपणा दिसतो.

आता कोणते श्रेष्ठ? मुलांचे मत हेंड्रिक्स यांच्या बाजूने आहे, आणि वादनाचा विचार केला तर ते बरोबर आहे. माझे मत शेवटच्या कडव्यापुरते डिलन यांना. तिथे वारा सुटतो, पण गाण्याचा आवाज वाढत नाही. त्या शांततेची मला जास्त भीती वाटते. मुलांनी निदान दोन्ही ऐकल्याशिवाय मत देऊ नये. कव्हर ऐकून मूळ गाण्याकडे न जाणे म्हणजे नातवाला ओळखणे आणि आजोबांचे नावही न विचारणे.

आपल्याला हा विचार परका नाही. आपल्याकडे बंदीश तीच असते आणि प्रत्येक गवई ती आपल्या परीने मांडतो. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत, त्यामुळेच त्यांचे नाव झाले. पण आपण त्यांना आज आठवतो ते त्यापुढच्या गाण्यासाठी. १९४८ मध्ये ते आपल्या शेजारच्या देवासला आले, आजारातून उठले, मालव्याची लोकगीते ऐकली आणि त्यांचे गाणे स्वतःचे झाले. हुबेहूब गाणे ही त्यांची पहिली पायरी होती. आपण मुलांना त्याच पायरीवर बक्षीस देऊन थांबवतो, अशी माझी तक्रार आहे.

आपल्या आंतरवर्गीय गायन स्पर्धेत पन्नासपैकी वीस गुण ‘मूळ गाण्याशी साम्य’ यासाठी आहेत. त्यामुळे मुले मोबाइलवरचा तयार ट्रॅक लावतात आणि मूळ गायकाचा श्वासही जिथल्या तिथे घेतात. सूर चुकत नाही, पण गाणारा कोण हे शेवटपर्यंत कळत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळासमोर मी तीन सूचना ठेवत आहे. पहिली, ते वीस गुण यापुढे ‘गाण्याची समज’ यासाठी असावेत. परीक्षकांनी मुलाला विचारावे की हे कडवे तू असे का गायलास? दुसरी, प्रत्येक गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि मूळ गायक यांची नावे मंचावरून सांगितली जावीत. दुसऱ्याची वस्तू वापरताना मालकाचे नाव घेणे हा साधा संस्कार आहे. तिसरी, अकरावीच्या मुलांना परवानगी द्यावी, पण अटीवर. पहिले कडवे त्यांनी डिलन यांच्यासारखे साधे वाजवावे आणि पुढचे स्वतःचे बसवावे. तयार ट्रॅक चालणार नाही. आवाजाची मर्यादा संगीत शिक्षक ठरवतील.

मुलांनो, परवानगी मिळाली तर हेंड्रिक्स यांच्यासारखे वाजवण्याच्या मागे लागू नका. तसे वाजवणारे जगात पुष्कळ झाले, आणि ऐकणारा मूळ ध्वनिमुद्रण घरीही ऐकू शकतो. पालक त्या संध्याकाळी सभागृहात येतील ते तुम्हाला ऐकायला. दोन कडव्यांमधली ती जागा तुमच्यासाठीही मोकळीच आहे. तिथे तबला आणलात तरी माझी हरकत नाही, फक्त तो तिथे का आणला हे तुम्हाला सांगता आले पाहिजे.

पालकांनी आणि विश्वस्तांनी आपली मते कार्यालयात लेखी द्यावीत, ही विनंती.

आपली,
प्राचार्या